सूत्र २७ टक्के सांगतं, एक्सआरडी ९ टक्के दाखवतं: विश्वास कशावर ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी २० एमएनसीआर ५ पोलादाचे नमुने कार्बुराइझ केले, म्हणजे तापवून पृष्ठभागात कार्बन मुरवला, नंतर पुन्हा तापवून तेलात क्वेंच केले, म्हणजे झटकन थंड केले. पृष्ठभागावर कार्बन ०.८ टक्के. क्वेंच करताना गरम पोलादातला ऑस्टेनाइट बदलून कडक मार्टेन्साइट होतो; न बदलता उरतो तो रिटेन्ड ऑस्टेनाइट. सूत्रं वापरून तो काढला तर २७ टक्के येतो आणि एक्सआरडीवर, म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्शनने, मोजला तर ९. गाइड म्हणतात, सूत्रं ढोबळच असतात, मोजलेला आकडा लिहा आणि पुढे चला. त्याला जोडून दुसरा, मोठा प्रश्न: मेटलर्जीच्या संशोधनात थिअरीला खरंच काही किंमत आहे, की शेवटी प्रयोग म्हणेल तेच खरं?

माझा उमेदीचा सगळा काळ हीट ट्रीटमेंट आणि फेल्युअर अ‍ॅनालिसिसमध्ये गेला आहे, त्यामुळे आधी तुमच्या आकड्यांबद्दल बोलतो. २७ वर फार विसंबू नका, आणि ९ वर तर त्याहून कमी. हे दोन आकडे एकाच वस्तूबद्दलचे नाहीत, म्हणून त्यांच्यातला कोणता खरा हा प्रश्न इतक्यात विचारताच येत नाही.

२७ कुठून आला ते बघू. मार्टेन्साइट सुरू होण्याचं तापमान, म्हणजे एमएस, तुम्ही अँड्र्यूज यांच्या १९६५च्या सूत्राने काढलंय. ५३९ मधून कार्बनच्या टक्केवारीची ४२३ पट, मँगनीजची ३०.४ पट आणि क्रोमियमची १२.१ पट वजा करायची. निकेल-मॉलिब्डेनमच्या संज्ञा या पोलादात लागत नाहीत. कार्बन ०.८, मँगनीज १.२५, क्रोमियम १.१५ धरलं की एमएस साधारण १४९ अंश येतो. मग कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांचं १९५९चं समीकरण: एमएसपासून आपण जितके अंश खाली आलो त्याला ०.०११ने गुणायचं, आणि e चा तितका ऋण घात म्हणजे न बदललेला ऑस्टेनाइट. ३० अंशापर्यंत आलात तर २७ टक्के. हिशोबात चूक नाही.

पण याला तुम्ही थिअरी म्हणताय, तिथे थांबा. अँड्र्यूज यांचं सूत्र म्हणजे अनेक पोलादांचे मोजलेले एमएस घेऊन त्यांतून बसवलेली सरळ रेषा आहे. कोइस्टिनेन-मारबर्गरमधला ०.०११ हाही लोखंड-कार्बन नमुन्यांवर एक्स-रेने मोजून काढलेला आकडा. त्या समीकरणाला जरा सैद्धांतिक पाया मिळाला तो मॅगी यांच्या १९७०च्या मांडणीतून, म्हणजे समीकरण वापरात आल्यावर दहा-अकरा वर्षांनी. तेव्हा तुमच्या टेबलावर भांडण चाललंय ते थिअरी आणि प्रयोग यांचं नाही, साठेक वर्षांपूर्वीचे दुसऱ्यांचे प्रयोग आणि तुमचा प्रयोग यांचं आहे. यात खरी थिअरी एवढीच, की मार्टेन्साइट अणूंच्या भटकण्यावाचून, एकदम घसरून होतो, म्हणून तो किती झाला हे किती वेळ थांबलात यापेक्षा एमएसच्या किती खाली गेलात यावर ठरतं. त्याला तुमच्या ९ने धक्का लागत नाही आणि २७ने आधारही मिळत नाही.

सूत्र म्हटलं की ते कोणत्या मर्यादेत बसवलंय ते आधी विचारावं. अँड्र्यूज यांचं सूत्र ०.६ टक्के कार्बनपर्यंतच्या पोलादांसाठी आहे, आणि तुम्ही ते ०.८वर नेलंत. कार्बुराइझ्ड केसवर, म्हणजे कार्बन मुरवलेल्या बाहेरच्या थरावर, ते सर्रास लावलं जातं, मीही लावतो, पण रेषा तिच्या शेवटच्या बिंदूच्या पुढे ओढतोय याचं भान ठेवून. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सूत्रातला कार्बन हा ऑस्टेनाइटमध्ये विरघळलेला कार्बन आहे. स्पेक्ट्रोमीटरवर दिसतो तो एकूण कार्बन. तुम्ही पुन्हा तापवताना ८२० अंशांच्या आसपास धरलं असेल तर थोडा कार्बन कार्बाइडच्या, म्हणजे धातू-कार्बनच्या संयुगाच्या, बारीक कणांत अडकून राहिलेला असू शकतो. ०.८पैकी ०.७च विरघळला असं धरून हिशोब पुन्हा करा: एमएस ४२ अंशांनी वर जातो आणि २७चे १७ होतात. कार्बनच्या दशांश टक्क्याला दहा टक्के ऑस्टेनाइट! म्हणून दुसऱ्याचा रिपोर्ट हातात आला की त्यातला रिटेन्ड ऑस्टेनाइट बघण्याआधी मी कार्बन कसा मोजला ते बघतो.

आता ९कडे. नमुना कसा तयार केला हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा नेहमीसारखं: कटिंग, माउंटिंग, एमरी पेपर, कापडावर पॉलिश, आणि तसाच एक्सआरडीवर. या पोलादात एक्स-रे आत जातात ते काही मायक्रॉनच. आणि पेपरवर घासताना जो थर दाबला-ओरबाडला जातो तो त्याहून सहज जाड असतो. रिटेन्ड ऑस्टेनाइट अर्धवट स्थिर असतो. घासण्याच्या ताणानेच त्याचा मार्टेन्साइट होतो. म्हणजे जे मोजायचं तेच तुम्ही पेपरवर बदलून टाकलंत, आणि मशीनने त्या घासलेल्या कातडीचा आकडा प्रामाणिकपणे दिला. मशीन खोटं बोललेलं नाही, त्याला विचारलंच दुसरं काही होतं. नमुना इलेक्ट्रोपॉलिश करून वरचा पन्नासेक मायक्रॉनचा थर काढा आणि पुन्हा मोजा. थर काढत काढत मोजत गेलात तर आकडा खोलीनुसार बदलताना दिसेल, आणि तो आलेख शोधनिबंधात एका आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडेल. एएसटीएम ई ९७५ हे एक्स-रेने रिटेन्ड ऑस्टेनाइट मोजण्याचं मानक वाचलं नसेल तर वाचा. स्फटिकांची दिशा कुठल्याही एका बाजूला झुकलेली नसावी ही त्यातली अट आणि कार्बाइडच्या शिखरांबद्दलची सावधगिरी आपल्याकडे फार जण वाचून सोडून देतात.

आणि मायक्रो, म्हणजे मायक्रोस्कोपखालची रचना, बघितला का? २५ टक्क्यांच्या घरात ऑस्टेनाइट असेल तर नायटल या आम्लाच्या द्रावणाने एच केल्यावर पाचशे पटीत मार्टेन्साइटच्या सुयांच्या मधले पांढरे तुकडे नजरेत भरतात. दहा टक्क्यांच्या खाली डोळ्याला फारसं काही दिसत नाही. हार्डनेस ट्रॅव्हर्सही काढा, म्हणजे पृष्ठभागापासून आत आत हार्डनेस मोजत जा. पृष्ठभागापेक्षा थोडं आत हार्डनेस जास्त भरला तर वर ऑस्टेनाइट भरपूर आहे अशी शंका घ्यायला जागा असते. डीकार्ब झालं असेल, म्हणजे पृष्ठभागातला कार्बन निघून गेला असेल, तरी तसंच दिसतं, पण ते मायक्रोवर लगेच ओळखू येतं.

तुमच्या आकड्यांवर इतकं लिहिलं कारण मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉन कुठलाही घेतला तरी इलेक्ट्रॉनच. धातूचा तुकडा तसा नसतो. तो कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या कुठल्या खेपेचा, कसा ओतला, किती रोल केला, कुठे किती वेळ तापला, कशाने घासला, हे सगळं त्याच्या अंगात असतं. थिअरी बोलते ती एका आदर्श धातूबद्दल. प्रयोग होतो तो एका तुकड्यावर. दोघांच्या मध्ये नमुना उभा असतो, आणि आमच्या क्षेत्रातली थिअरी-प्रयोगाची बहुतेक भांडणं तो नमुना नीट ओळखला की सुटतात. जी त्यानंतरही सुटत नाहीत, तीच खरी मोलाची.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे धातूची ताकद. फ्रेंकेल यांनी १९२६मध्ये सोपा हिशोब मांडला: स्फटिकातला अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागेल? हिशोब काटेकोर केला तरी शुद्ध तांब्यासाठी उत्तर हजार मेगापास्कलच्या पुढे जातं. प्रत्यक्षात शुद्ध तांब्याचा एकच मोठा स्फटिक एक मेगापास्कलच्या आतबाहेर वाकायला लागतो. हजार पटीची तफावत. अशा तफावतीला ‘सूत्रं ढोबळच असतात’ म्हणून सोडलं असतं तर? १९३४मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे सुचवलं, की अख्खा थर एकदम सरकतच नाही. स्फटिकात रेषेसारखा दोष असतो आणि तो एकेक अणूच्या अंतराने पुढे जातो. तेव्हा हा दोष, म्हणजे डिसलोकेशन, कोणी पाहिलेला नव्हता. १९५६मध्ये केंब्रिजला हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ती रेषा सरकताना पाहिली. बावीस वर्षं सगळं क्षेत्र न दिसलेल्या वस्तूवर हिशोब मांडत होतं, आणि ते हिशोब कामाचे होते.

पुस्तकात गोष्ट इथे संपते आणि विद्यार्थ्यांना वाटतं की फ्रेंकेल चुकले. ते चुकले नव्हते. टिनचा मुलामा दिलेल्या भागांवर आपोआप केसासारख्या बारीक तारा उगवतात, त्यांना व्हिस्कर म्हणतात. त्या शॉर्टसर्किट करतात म्हणून टेलिफोनवाल्यांना त्यांचा ताप होता. बेल लॅब्जमध्ये हेरिंग आणि गॉल्ट यांनी १९५२मध्ये अशाच तारा घेऊन वाकवल्या. एक टक्क्याहून जास्त ताणल्या तरी सोडल्यावर पुन्हा सरळ! साधं टिन असं कधीच वागत नाही. त्या तारांत सरकायला मोकळी डिसलोकेशन जवळपास नव्हतीच, आणि ताकद फ्रेंकेल यांच्या हिशोबाच्या पंक्तीत जाऊन बसली. सव्वीस वर्षांपूर्वीचा हिशोब बरोबरच होता. तो ज्या नमुन्याबद्दल होता, तो नमुना कुणाच्या हातात नव्हता.

याच्या उलट प्रकार म्हणजे कर्केंडॉल यांचा. तिथे नमुना स्वच्छ होता आणि थिअरीच चुकीची होती. १९४०च्या दशकात सर्वसाधारण समज असा, की मिश्रधातूत अणू शेजाऱ्याशी जागा बदलून फिरतात. तसं असेल तर तांबं आणि जस्त एकमेकांत समान वेगाने मिसळायला हवेत. डेट्रॉइटच्या वेन विद्यापीठात कर्केंडॉल आणि त्यांचे विद्यार्थी स्मिगेल्स्कास यांनी पितळेच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या, वरून तांब्याचा जाड थर चढवला, आणि सगळं ७८५ अंशांवर ठेवून दिलं. मॉलिब्डेनमच का? ते तांब्यात विरघळत नाही, जागेवर पडून राहतं आणि हद्द कुठे होती ते सांगतं. दिवस गेले तशा दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींकडे सरकत गेल्या. ५६ दिवसांनी सरकल्या त्या मिलिमीटरच्या साधारण आठव्या भागाने. म्हणजे आतून जस्त जितकं बाहेर गेलं तितकं तांबं आत आलं नाही. जागांची अदलाबदल होत असती तर तारा हलल्याच नसत्या. अणू शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारून फिरतात, आणि जस्त तांब्यापेक्षा भराभर उड्या मारतं.

१९४७मध्ये हा निबंध छापून येण्याआधी त्याला कडाडून विरोध झाला. विरोध करणारे मेल हे त्या काळचे मातब्बर धातुशास्त्रज्ञ, त्यांना वाटलं प्रयोगातच काहीतरी गडबड आहे. हे हास्यास्पद नव्हतं. वर मी तुम्हालाही नमुन्यावर शंका घ्यायलाच सांगतोय. फरक एवढाच की तारांच्या प्रयोगात शंकेला जागा फार थोडी ठेवलेली होती, आणि तारांचं सरकणं वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतं. तारा पृष्ठभागाला चिकटून ओढल्या गेल्या असत्या, मुलामा सोलला असता, तर असा नियम दिसला नसता. पुढे १९५१मध्ये खुद्द मेल यांच्याच प्रयोगशाळेतून अनेक मिश्रधातूंत हाच परिणाम दाखवणारं काम प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे रिकाम्या जागांचा मार्ग तांब्यात सोपा पडतो असा सैद्धांतिक हिशोब हंटिंग्टन आणि साइट्झ यांनी १९४२मध्येच मांडलेला होता. म्हणजे थिअरी विरुद्ध प्रयोग असं चित्र तिथेही नव्हतं. एका थिअरीच्या बाजूने प्रयोग उभा राहिला, एवढंच. आज चिपमधली सोन्याची तार अ‍ॅल्युमिनियमच्या पॅडवरून सुटते तेव्हा तिथल्या पोकळ्यांचं खापर याच परिणामावर फुटतं.

तुमच्या गाइडच्या बाजूनेही एक साक्ष काढतो, कारण प्रयोग आधी आणि समज नंतर असंही आमच्याकडे खूपदा झालंय. आल्फ्रेड विल्म यांना अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखं क्वेंच करून कडक करायचं होतं. कल्पना साफ चुकीची, कारण अ‍ॅल्युमिनियममध्ये तसला मार्टेन्साइट होतच नाही. १९०६च्या सुमारास तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेला त्यांचा मिश्रधातू क्वेंच केल्या केल्या मऊच होता. नुसता पडून राहिल्यावर काही दिवसांत कडक झाला. मायक्रोस्कोपखाली काहीच वेगळं दिसेना. ड्युरॅल्युमिन बाजारात आलं, झेपेलिनच्या सांगाड्यात गेलं, आणि ते कडक का होतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याहीआधी, १९०३च्या राइट बंधूंच्या विमानाच्या इंजिनाचं आवरण अ‍ॅल्युमिनियम-तांब्याचं होतं, आणि त्यातही हेच घडलेलं होतं असं १९९०च्या दशकात तपासणीत दिसलं.

१९१९मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या मेरिका, वॉल्टनबर्ग आणि स्कॉट यांनी खुलासा दिला. तांबं गरम अ‍ॅल्युमिनियममध्ये जास्त विरघळतं, थंडात कमी. क्वेंच केल्यावर ते कोंडलं जातं आणि मग हळूहळू दिसणारही नाहीत इतके बारीक कण होऊन बाहेर पडतं. त्या कणांचा थेट पुरावा एक्स-रेवर मिळाला १९३८मध्ये, गिनिए आणि प्रेस्टन यांना, वेगवेगळा. पण कण दिसेपर्यंत कुणी हात बांधून बसलं नाही. मेरिका यांच्या खुलाशाने एक साधी खूण हातात दिली: ज्या फेज डायग्रॅममध्ये (कुठल्या तापमानाला मिश्रधातूत काय विरघळलेलं राहतं ते दाखवणाऱ्या आलेखात) विद्राव्यतेची रेषा तापमानाबरोबर ठळकपणे उतरते, तिथे असं कडक होण्याची आशा धरायची. मग शोध चाचपडत करावा लागेना. विल्म यांना एक मिश्रधातू सापडला होता. या खुलाशाने शोधायची जागा दाखवली.

थिअरीकडून मी अपेक्षा करतो ती हीच: शेवटच्या दशांशापर्यंत आकडा नको, पण बघायचं कुठे आणि थांबायचं किती ते तिने सांगावं. केंब्रिजला भदेशिया आणि काबायेरो यांचं बेनाइटवरचं काम घ्या. बेनाइट ही मार्टेन्साइटसारखीच ऑस्टेनाइटपासून होणारी पोलादातली दुसरी रचना. बेनाइट किती कमी तापमानाला होऊ शकेल, असा हिशोब त्यांनी केला. उत्तर आलं की कार्बन एक टक्क्याच्या आसपास नेला, कार्बाइड होऊ नये म्हणून सिलिकॉन भरपूर ठेवला, तर २०० अंशांच्या आसपासही होईल, मात्र वेळ दिवसांत मोजावा लागेल. तसं करून बघितलं. साधारण दहा दिवसांनी २० ते ४० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यांचा बेनाइट मिळाला, ताकद दोन हजार मेगापास्कलच्या वर. हिशोब हातात नसता तर २०० अंशांच्या भट्टीत एक तुकडा दहा दिवस कोण ठेवेल? शॉपमध्ये तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी भट्टी रिकामी करायला लावली असती.

मशीन लर्निंगबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो म्हणून दोन वाक्यं. हजारो जुन्या आकड्यांवर शिकवलेलं मॉडेल हे अँड्र्यूज यांच्या सूत्राचं मोठं भावंड आहे. उपयोगी आहे, वापरा, पण त्यातला प्रत्येक जुना आकडा कुणाच्या तरी घासलेल्या नमुन्यावरचा असतो, आणि मर्यादेबाहेर नेलं की तेही तितक्याच आत्मविश्वासाने फसवतं.

तर तुमच्या प्रकल्पात काय करायचं? गाइडशी वाद घालू नका, त्यांच्यासमोर आणखी दोन मोजमापं ठेवा. इलेक्ट्रोपॉलिश केलेल्या नमुन्याचा एक्सआरडी आधी. मग केसमध्ये न विरघळलेले कार्बाइड आहेत का ते मायक्रोवर बघून विरघळलेल्या कार्बनचा अंदाज सुधारा आणि हिशोब पुन्हा मांडा. १७ ते २७ या पट्ट्यात मोजलेला आकडा आला तर दोन्ही बाजूंचं जुळलं म्हणायला हरकत नाही. कुठलं गृहीत धरून जुळलं ते निबंधात स्पष्ट लिहा. थर काढूनही ९च राहिला तर मात्र खुश व्हा, कारण मग काहीतरी खरंच शोधायला मिळालंय. क्वेंच ऑइलमधून काढल्यावर जॉब कुठे रेंगाळला, टेम्परिंग (क्वेंचनंतर पुन्हा थोडं तापवणं) आधीच झालं होतं का आणि किती तापमानाला, कार्बनचा आकडा कुठल्या खोलीवरचा, इथून सुरुवात करा.

आणि एक नमुना सब-झिरो करून बघा. कोरड्या बर्फाने उणे ८० अंशांपर्यंत नेलं तर त्याच समीकरणाने ऑस्टेनाइट ५ ते ८ टक्क्यांवर यायला हवा. आकडा खाली किती आला, हार्डनेस किती चढला, यावरून समीकरणाची खरी परीक्षा होते, कारण इथे नमुना तोच राहतो आणि बदलतं फक्त तापमान. फक्त हे क्वेंचनंतर लगेच, टेम्परिंगच्या आधी, त्याच पाळीत करा. रात्रभर टेबलावर पडलेला ऑस्टेनाइट स्थिरावतो, मग उणे ८०लाही तो पुरता बदलत नाही, आणि तुम्ही पुन्हा सूत्रालाच दोष देत बसाल.